हिरव्या थरात काय होतं

माझ्या आईने आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही. हे ती मिरवत नाही. दुसऱ्याच्या ताटात डोकावून नाक मुरडत नाही, जावई समोर बसून ऑम्लेट खात असला तर त्याला पाव गरम करून देते. पण स्वतः नाही म्हणजे नाही. माझ्या जन्मानंतर तिला फार अशक्तपणा आला होता, तेव्हा डॉक्टरांनी अंडी सांगितली. तिच्या सासूबाईंनीसुद्धा, ज्या चातुर्मासात कांद्याला हात लावत नसत, "औषध म्हणून खा" अशी परवानगी देऊन टाकली. आईने खाल्ली नाहीत. नाचणीचं सत्त्व, दाणे-गूळ आणि हट्ट यांच्या जोरावर ती उभी राहिली.

बाबा गेल्यावर राजापूरजवळचं घर बंद करून ती माझ्याकडे आयर्लंडला, कॉर्क शहरात आली. विमानात तिने पाणी आणि सोबत आणलेले राजगिऱ्याचे लाडू यांपलीकडे तोंडात काही घातलं नव्हतं. मी विमानतळावरच चिडले. "अगं, व्हेज जेवण बुक केलं होतं मी. दोनदा फोन करून!"

"असेल गो," ती म्हणाली. "पण कोणी केलं, कशात केलं, कुणाला विचारू? माणूस गेला, घराला कुलूप लागलं. एवढं एक माझं माझ्याकडे राहिलंय, ते राहू दे."

मी तिची बॅग उचलली. बॅग भलतीच जड होती. घरी येऊन उघडली तर साड्यांच्या घड्यांत गुंडाळलेली, पाटासकटची लोखंडी खवणी.

मी कॉर्कजवळ रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. गोळीत जे असायला हवं तेच आहे ना, आणि जे नको ते नाही ना, हे बघायचा मला पगार मिळतो. नवरा म्हणतो, मी घरीसुद्धा ऑडिट करते. करते. आई यायच्या आधी मी फ्रिजमधली अंडी सगळ्यात खालच्या कप्प्यात हलवली, त्याच्या ऑम्लेटचा तवा वेगळ्या प्रेसमध्ये ठेवला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता आम्हीही म्हणतो. मसाल्यांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचली. तिचा नेम माझ्या घरात मोडणार नाही याची मी पुरेपूर काळजी घेतली होती, असं मला वाटत होतं.

पण नेम सांभाळला तरी माणूस सांभाळता येत नव्हता. पहिले काही आठवडे आई मऊ भात आणि मेतकूट यांवर होती. बाहेर पडायची नाही. टीव्ही लावला तर बघायची, बंद केला तरी तिकडेच बघत राहायची. मी काहीतरी नवीन करून घातलं की "छान आहे हो" म्हणायची आणि चमचाभर घेऊन थांबायची. ब्लाउज ढगळ व्हायला लागले होते. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मला राग येतो, त्यामुळे मी तिच्यावर उगीचच ओरडतही होते.

एक गोष्ट मात्र ती खात होती, रविवारचा स्कोन. पहिल्या रविवारी मी तिला आमच्या रस्त्याच्या टोकाच्या बेकरीत घेऊन गेले होते. स्कोन म्हणजे काय हे तिला मी असं समजावलं, की आपल्या खारी-बटरच्या घराण्यातलं, पण जरा गुबगुबीत. त्यानंतर दर रविवारी मी सकाळी उठून गरम स्कोन आणायची. ती बशी आणि चहा घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायची. "आत खाल्लं की चुरा पडतो," म्हणायची. बशी परत यायची ती लख्ख. आयर्लंडातली एक तरी वस्तू आईला आवडली म्हणून मी आठवडाभर खूश असायची.

मग एका दुपारी ऊन पडलं. ऊन पडलं की इथे सगळे मागच्या अंगणात येतात, तशी आईही आली, आणि आशियाई दुकानातून मी आणलेला नारळ फोडून खवणीवर खवायला बसली. भिंतीपलीकडच्या घरात एक मलेशियन डॉक्टर मुलगी राहते, कॉर्कच्या रुग्णालयात असते. तिचीही आई त्याच सुमारास आली होती. मी तेव्हा कामावर होते, म्हणून हे मला आईकडून कळलं. पलीकडच्या बाई भिंतीवरून डोकावल्या, खवणी बघून जोरात काहीतरी ओरडल्या आणि धावत पुढच्या दाराने आमच्याकडे आल्या. त्यांच्या देशातही असंच पाटावर बसून नारळ खवतात. त्यांनी आईला उठवलं, स्वतः बसल्या आणि उरलेली वाटी खवून दाखवली.

"हात चांगला आहे तिचा," आई म्हणाली. "करवंटीचं काळं येऊ देत नाही." आईच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आई खवणी घेऊन पलीकडे गेली. आपण होऊन गेली. मी कामावरून आले तर घर रिकामं. हाका मारत मी मागच्या दारापर्यंत गेले. तेवढ्यात ती भिंतीपलीकडून हसताना ऐकू आली. बाबा गेल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता.

आणि त्या शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टर मुलगी डबा घेऊन दारात उभी. आत वड्यांसारखे कापलेले चौकोन. खाली नारळाच्या रसात शिजवलेला पांढराशुभ्र चिकट भात, किंचित खारट. वर बोटभर जाडीचा हिरवागार, मऊ, गोड थर. सेरी मुका म्हणतात, तिने सांगितलं. त्यांच्याकडे लग्नाकार्याला करतात. हिरवा रंग आणि वास पानाचा. त्याच पानाचा, जे आमच्याकडे भाताला वास यावा म्हणून परसात लावतात.

माझ्यातलं क्वालिटी खातं जागं झालं. "यात मांसाचं काही नाही ना? जिलेटिन वगैरे?"

"छे, छे," ती म्हणाली. गेली कित्येक वर्षं इथे असल्यामुळे तिचं बोलणं अस्सल कॉर्कचं झालंय. "सगळं ग्रँड आहे. काळजी करू नका."

आईने एक चौकोन उचलला, अर्धा तोडला, खाल्ला, आणि दुसरा अर्धाही खाल्ला. मग डब्यातला अजून एक घेतला. "गोडात मीठ घालते ही बाई. शहाणी आहे," म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. त्यानंतर दर शुक्रवारी डबा यायचा आणि आपल्याकडे रिकामं भांडं परत द्यायची पद्धत नाही, म्हणून आईच्या हातची कधी नारळीभाताची मूद, कधी रसातल्या शेवया त्यातून पलीकडे जायच्या. ब्लाउज पुन्हा बसायला लागले. कँटीनमध्ये मी सगळ्यांना सांगत सुटले, की आमच्याकडे दर आठवड्याला अस्सल मलेशियन पक्वान्न येतं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण आईचा वाढदिवस जवळ आला आणि मला उचंबळून आलं, की या वेळी केक नको, आपणच सेरी मुका करायची. दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी फोनवर कृतीचा व्हिडिओ लावला. एक हसतमुख बाई. नारळाचा रस, साखर, पानांचा हिरवा रस. आणि मग तिने एकामागून एक अंडी फोडायला सुरुवात केली.

मला वाटलं, ही या बाईचीच काहीतरी शक्कल असणार. दुसरा व्हिडिओ लावला. अंडी. तिसरा. अंडी. हिरवा थर सुरीने कापता येण्याइतका घट्ट कशाने होतो, हा प्रश्न मला, रसायनशास्त्र शिकलेल्या बाईला, इतके शुक्रवार पडला नव्हता. कारण मी कोकणातली. नारळाचा रस, तांदूळ, गोड, एवढं एकत्र आलं की ते नैवेद्याचं. त्यात कुणी अंडं घालेल हे आमच्या स्वप्नातसुद्धा येत नाही. मी मांसाचं विचारलं, जिलेटिनचं विचारलं, अंड्याचं विचारायला तोंडच उघडलं नाही.

नाचणीच्या सत्त्वावर उभ्या राहिलेल्या बाईला तिच्या लेकीने, आपल्याच घरात, स्वतःच्या हाताने बशीत वाढून अंडं खाऊ घातलं होतं. आणि एकदा नव्हे.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सांगूच नकोस. टेन्शन घेऊ नकोस यार. नकळत खाल्लेलं मोजत नाहीत."

"कोण मोजत नाही?"

"देव वगैरे."

"देवाचं मला काय सांगतोस? तिला कळलं तर ती मोजेल."

खरी अडचण तीच होती. सांगितलं, तर तिच्याकडे राहिलेलं ते एकमेव जाणार होतं, आणि त्याबरोबर पलीकडचं हसणंही. ती पुन्हा कधी त्या घराची पायरी चढली नसती, कदाचित माझ्याही घरात राहिली नसती. नाही सांगितलं, तर दर शुक्रवारी मी तिला उघड्या डोळ्यांनी फसवत राहणार. कारखान्यात अशा वेळी काय करायचं ते मला ठाऊक आहे. माल थांबवायचा, वरच्याला कळवायचं. इथे वरचं कोण?

शुक्रवार आला आणि डबा आला. आईने झाकण उघडलं, चौकोन उचलला.

"आई, थांब!"

"काय गो?"

"गरम आहे का बघ."

"गरम? ही थंडच असते."

"मग... आधी मला दे. मला फार भूक लागलीय."

तिने दिला. मी खाल्ला. मग दुसरा मागितला, मग तिसरा. तिच्या वाट्याला काही उरू नये म्हणून मी तिच्यासमोर बसून अख्खा डबा संपवला. भरल्या पोटी चिकट तांदूळ म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं. नवरा दारात उभा राहून हसू दाबत होता. आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगो हावरे, बाळंतीण झालीस की काय?"

पण दर शुक्रवारी डबा खाऊन प्रश्न सुटणार नव्हता. शनिवारी सकाळी आई आंघोळीला गेल्याचं बघून मी पलीकडच्या घराची बेल वाजवली. डॉक्टर मुलीला सुट्टी होती. तिने दार उघडलं, मला आत बसवलं. तिची आई ओट्याशी काहीतरी चिरत होती, हात हलवून हसली. मी जमेल तितक्या सभ्यपणे विचारलं, की सेरी मुकाच्या हिरव्या थरात अंडी असतात का.

"असतात की," ती म्हणाली. "चांगली तीन-चार."

माझा चेहरा पडला असावा. ती घाईघाईने पुढे म्हणाली, "पण तुमच्याकडच्या डब्यात नाहीत! तुमच्या आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं ना."

"माझ्या आईने? तिला इंग्रजी येत नाही."

"इंग्रजीत नाही, फ्रिज उघडून."

आणि तिने मला ते करून दाखवलं. पहिल्या दिवशी आई खवणी घेऊन आली, नारळ खवून झाला, रस निघाला. तिच्या आईने अंड्यांचा ट्रे ओट्यावर ठेवला आणि एक अंडं हातात घेतलं. माझ्या आईने ते तिच्या हातातून हळूच काढून घेतलं, पुन्हा ट्रेमध्ये ठेवलं, ट्रे उचलून फ्रिजमध्ये ठेवला, दार लावलं, आणि त्या बंद दाराला नमस्कार केला. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून मान हलवली.

"माझी आई लगेच समजली," मुलगी म्हणाली. "आम्हीही इथे प्रत्येक पाकीट उलटंपालटं करून वाचतो, डुकराचं काही नाही ना म्हणून. ती म्हणाली, हिच्याही घशाखाली सगळं उतरत नाही, आपल्यासारखंच आहे हिचं."

पण अंड्यावाचून तो थर बसेना. पहिल्यांदा तर हिरवं सूपच झालं म्हणे. मग माझ्या आईने पलीकडच्या बाईंच्या हातातला डाव घेतला, तांदळाची पिठी मागितली, ती रसात कालवली आणि मंद आचेवर घोटत बसली, हाताला गाठ लागेनाशी होईपर्यंत. वर थोडं कॉर्नफ्लॉर पलीकडच्यांनी घातलं. तो थर बसला, तो असा बसला की सुरीने कापावा. म्हणजे कँटीनमध्ये मी ज्याला अस्सल मलेशियन म्हणून डोक्यावर घेऊन नाचत होते, त्यातलं निम्मं राजापूरचं होतं.

मी हसायला लागले आणि मला थांबता येईना. डोक्यावरून डोंगर उतरल्यासारखं वाटत होतं. पलीकडच्या मावशींनी मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. त्यांना काय झालंय ते कळलं नव्हतं, पण हात फिरवायला कळावं लागत नाही. मी त्यांच्या पाया पडले. त्या दचकल्या.

घरी आले तर आई केस पुसत होती. मी तिला सगळं सांगून टाकलं, व्हिडिओपासून डब्यापर्यंत. ती ऐकत गेली आणि शेवटी पदर तोंडाला लावून हसली.

"म्हणजे एवढे दिवस तू देव पाण्यात घालून बसली होतीस? म्हणून काल सगळा डबा गिळलास?"

"मग काय करू? तू मला सांगायचं नाहीस, की अंडं काढायला लावलं म्हणून?"

"तू विचारलंस का? तू तिच्या मुलीला विचारलंस. मला कुठे विचारलंस?" ती टॉवेल झटकत म्हणाली. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? परक्याच्या घरचा घास घ्यायचा, तर आधी बघून घेते मी. परक्याला विचारता येतं गो. आपल्या माणसाला विचारलं तर त्याला लागतं."

हे शेवटचं वाक्य तिने टॉवेलाकडे बघून म्हटलं होतं. पण माझा पगार अशीच वाक्यं पकडण्यासाठी आहे.

"म्हणजे काय, आई?"

"काही नाही."

"आई."

"ते तुझं रविवारचं गुबगुबीत," ती म्हणाली. "त्याच्यात असतं अंडं. पहिल्या दिवशी त्या दुकानात तू पैसे देत होतीस ना, तेव्हा आतली पोरगी ब्रशाने वरून पिवळं फासत होती. बाजूला टरफलं पडलेली."

मसाल्याच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचणारी मी. स्कोनला कागदच नसतो, म्हणून वाचायचं सुचलं नव्हतं. "आणि तू ते दर रविवारी खाल्लंस?"

"खुळी की काय! त्या लाल छातीच्या पाखराला विचार."

मला मागची पायरी आठवली. चुरा पडतो म्हणून बाहेर बसणारी आई, आणि भिंतीवर ओळीने बसलेले पक्षी. मला वाटायचं, ते सांडलेला चुरा टिपायला येतात. लख्ख बशी आठवली. ती बशी हातात घेऊन मी किती खूश व्हायची, तेही आठवलं.

सुटल्यासारखं वाटलं, अगदी मोकळं वाटलं, आणि त्याच वेळी रडू आलं. "सांगायचं ना मला," मी म्हणाले. "एका शब्दाने सांगायचं!"

"कशी सांगू? आठवडाभर राबतेस, आणि रविवारची झोप मोडून जायचीस. आईने काहीतरी खाल्लं म्हणून तुझं तोंड एवढं खुलायचं. तेव्हा घरात तेवढंच एक बरं चाललं होतं गो. ते कशाला घालवू?"

मी तिच्या ओल्या केसांत तोंड खुपसून बसले. तिने टॉवेलाचं टोक माझ्या नाकाला लावलं, लहानपणी लावायची तसं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी बेकरीत गेले नाही. दहा वाजले तशी आई मागच्या दारात येरझाऱ्या घालायला लागली.

"आज आणलं नाहीस?"

"आता कशाला?"

"अगो, ती कधीची येऊन बसलीत भिंतीवर. त्यांचं काय चुकलं?"

मी जाऊन एक स्कोन आणला. आई पायरीवर बसली, मीही तिच्या शेजारी बसले. ती स्कोन कुस्करून अंगणात टाकत होती आणि लाल छातीचं पाखरू तिच्या पायापासून वीतभर अंतरावर येऊन टिपत होतं. मला बघून उडत होतं, तिला बघून उडत नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "आता खरं सांग. माझ्या घरचं अजून काय आहे, जे तू खात नाहीस?"

ती चुरा करत म्हणाली, "तुझी ती मश्रूमची भाजी."

"त्यात अंडं नसतं!"

"अंड्याचं नाव कोण काढतंय?" आई म्हणाली. आणि मग पुलावात लवंग जास्त पडते, वरणाला फोडणी करपते, भात फडफडीत ठेवण्याच्या नादात कच्चा राहतो, असं एकेक करत तिने पाखरांसमोर सगळं सांगून टाकलं. मी ऐकत होते. मला ते मुळीच लागलं नाही.